आग्रा रोडवरून हानलेपर्यंत

शुक्रवार : नाशिक ते गुना

पितृपक्षात कुणी फिरायला निघतं का, असं शेजारीपाजारी सगळ्यांनी ऐकवून झालं होतं. प्रतिपदेला सासऱ्यांचं श्राद्ध उरकलं आणि शुक्रवारी पहाटे साडेतीनला आम्ही लडाखमधल्या हानलेला जायला नाशकातल्या द्वारका चौकातून उड्डाणपुलावर चढलो. गाडीत मी, माझा नवरा, थोरले दीर आणि जाऊबाई. भाऊजी सातपूरच्या मायकोतून निवृत्त झालेले; सगळी नोकरी डिझेलच्या नोझलवर गेली. कंपनीची बॉश होऊन जमाना झाला, तरी नाशकात ती मायकोच. निघण्याआधी महिनाभर ते गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून होते. वहिनींनी डबे भरले. कोंडाजीचा चिवडा, पिंपळगावचे बेदाणे, मेतकूट आणि लसणाची चटणी एवढं सामान पाहून नवरा म्हणाला, "लडाखला दुकानं असतात." वहिनींनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

आमच्या गावातून जाणारा हा आग्रा रोड लहानपणापासून आम्हाला 'तीन नंबरचा हायवे' म्हणून माहीत. २०१० मध्ये देशभरातल्या राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले, धुळे-नाशिकचा तुकडा साठ नंबरचा झाला, आणि तीनचा आकडा गेला अटारीहून मनालीमार्गे लेहला जाणाऱ्या रस्त्याकडे. जुन्या तीनवरून निघून नव्या तीनवर जायचं, असं भाऊजींनी प्रत्येकाला सांगून ठेवलं होतं.

पहिल्या दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. राहुड घाट अंधारात गेला, धुळ्याला चहा झाला, पळसनेरला महाराष्ट्र संपला. बिजासनीला वहिनींनी हात जोडले, खलघाटला नर्मदेत नाणं टाकलं. इंदूर सोडल्यावर दोन्ही बाजूंना पिवळं पडत चाललेलं सोयाबीन, एवढंच. गुन्याला मुक्काम.

शनिवार : गुना ते पानिपत

ग्वाल्हेर, आग्रा आणि दिल्लीला वळसा. उन्हं कलताना पानिपतच्या काला आंबला पोचलो. खरं तर कर्नालपर्यंत जायचं होतं, पण मराठी माणूस गाडी घेऊन या वाटेनं चाललाय आणि इथे थांबत नाही, असं होत नाही. विटांचा एक स्तंभ, भोवती कुंपण, राखलेली बाग. १४ जानेवारी १७६१. शाळेतल्या पुस्तकात या लढाईला दोन पानं होती, आणि त्यात मैदानाच्या सपाटीबद्दल काही नव्हतं. इथे कुठेही उभं राहिलं तरी आडोसा म्हणून एक टेकाड दिसत नाही. गड-घाटांत वाढलेल्या फौजेला हा मुलूख कसा वाटला असेल, हे तिथे उभं राहिल्यावर थोडंफार कळतं.

विश्वासरावांची आई गोपिकाबाई शेवटच्या काळात आमच्या नाशकातच येऊन राहिली, गंगापूरला. रोज ज्या रस्त्यानं आम्ही कॉलेजला जायचो, तिथे. वहिनी स्तंभापाशी बराच वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "पितृपक्षात आलो ते बरं झालं."

रविवार : पानिपत ते मनाली

किरतपूरपासून डोंगर सुरू. पूर्वी या रस्त्यानं बिलासपूरच्या वळणांत पोटातलं सगळं ढवळून निघायचं. आता चौपदरी रस्ता आणि बोगद्यामागून बोगदे. वेळ वाचतो, वाद नाही. पण जिथे डोंगर उभा कापलाय तिथे दरडी अजून सैल आहेत, आणि पावसाळ्यात मी या रस्त्यानं येणार नाही. कुल्लूच्या पुढे जुलै २०२३ च्या पुराच्या खुणा अजून दिसतात: बियासनं अर्धा रस्ता खाल्लेला, नदीच्या पात्रात घराएवढे धोंडे. समोरून सफरचंदाच्या पेट्यांनी भरलेल्या पिकअप गाड्या अशा येत होत्या की आपणच कडेला व्हावं.

मनालीत फक्त झोपलो. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेली डायमॉक्सची गोळी आजपासून सुरू.

सोमवार : मनाली ते जिस्पा

अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा. ३ ऑक्टोबर २०२० ला तो खुला झाला आणि मनाली-लेहचं अंतर ४६ किलोमीटरनं कमी झालं. पण अंतरापेक्षा मोठी गोष्ट अशी की रोहतांगच्या बर्फामुळे लाहौल खोरं हिवाळ्यात महिनोन्‌महिने तुटलेलं असायचं, ते आता तुटत नाही. बोगद्यात शिरताना काचेवर पाऊस होता, देवदार होते, धुकं होतं. पलीकडे निघालो तर निळं आभाळ आणि उघडे डोंगर. नाशिककराला हे समजावून सांगावं लागत नाही: इगतपुरीत छत्री घेऊन रेल्वेत बसावं आणि मनमाडला उतरून ती काखेत मारावी, तेच हे. फक्त इथे दहा मिनिटांत, डोंगराच्या पोटातून.

सिस्सूपासून चंद्रा नदी सोबतीला. शेतांत बटाट्याची काढणी चाललेली, बायका पोत्यांच्या राशींवर बसून निवडत होत्या. तांडीला दुसरी नदी येऊन मिळते, भागा. दोघींची झाली चंद्रभागा, पुढे तीच चिनाब. हे मी गाडीत सहज बोलले आणि वहिनींनी गाडी थांबवायला लावली. त्यांच्या माहेरी पंढरीची वारी आहे. खाली उतरून पाण्याला हात लावून आल्या आणि बोटं झाडत म्हणाल्या, "काय गार आहे गं बाई!" गंमत म्हणजे या दोन्ही नद्या निघतात बारालाचा खिंडीच्या दोन अंगांनी, एकमेकींकडे पाठ करून, आणि डोंगराला वेढा घालून इथे भेटतात.

तांडीचा पेट्रोल पंप या रस्त्यावर प्रसिद्ध आहे. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, अशी पाटी लावून त्यानं वर्षानुवर्षं लोकांना घाबरवलंय. टाकी गळ्यापर्यंत भरली. भाऊजींनी मनालीपर्यंत मुद्दाम टाकी उतरवत आणली होती. त्यांचं म्हणणं, खालच्या मुलखातलं डिझेल घेऊन वर जाऊ नये. थंडीत डिझेलमधलं मेण धरतं, फिल्टर तुंबतो आणि गाडी पहाटे उठत नाही. इंडियन ऑईलनं नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत पातळ राहणारं हिवाळी डिझेल आणलं ते याचसाठी. सप्टेंबरात त्याची गरज नाही, पण मायकोच्या माणसाला कोण सांगणार.

मंगळवार : जिस्पा

आज मुद्दाम मुक्काम. जिस्पा साधारण ३,२०० मीटरवर, नाशिक सहाशेच्या आसपास. इथे एक दिवस बसून अंगाला हवेची सवय लावायची आणि उद्या एका दमात लेह गाठायचं, असं ठरलेलं. बरेच जण सरचूला तंबूत राहतात, पण ते चार हजारांच्या वर आहे. अख्खी रात्र डोकं धरून बसायची हौस आम्हाला नव्हती.

दुपारी नदीकाठानं दारच्याकडे पायी निघालो तर रस्ता मेंढरांनी अडवला. गद्दी धनगर. उन्हाळ्यात कांगडा-चंब्याकडून वर येतात, थंडी पडू लागली की खाली उतरतात. हा कळप परतीच्या वाटेवर होता. पुढे दोन केसाळ, धिप्पाड कुत्रे, मागे म्हातारा. अंगात जाड लोकरीचा चोळा, कमरेला काळ्या लोकरीच्या दोराचे कित्येक वेढे, आणि दोराच्या वर चोळ्याच्या फुगलेल्या भागातून एक कोकरू तोंड बाहेर काढून बघत होतं. दोनेक दिवसांचं असेल. त्याच्या कानाला चिखल वाळलेला. म्हातारा बोलता बोलता अंगठ्यानं तो चिखल खरवडत होता.

नवऱ्याचं गाव निफाड तालुक्यात, त्यामुळे त्यानं लगेच कामाचं विचारलं: खाली उतरल्यावर शेतकरी शेतात मेंढरं बसवतात का, आणि बसवायचं काय देतात? बसवतात, म्हातारा म्हणाला. कुणी धान्य देतं, कुणी पैसे. मग दोघं लेंडीखताच्या भावावर बोलत बसले. भोवती बर्फाची शिखरं होती, त्यांच्याकडे दोघांपैकी एकानंही पाहिलं नाही.

बुधवार : जिस्पा ते लेह

पहाटे साडेचारला निघालो. या रस्त्यावर लवकर निघण्याला कारण आहे: बर्फ वितळून येणारे नाले पहाटे घोट्याएवढे असतात आणि दुपारी चाकाएवढे. सप्टेंबरात जोर कमी, तरी झिंगझिंगबारच्या अलीकडे एक नाला रस्ता खाऊन बसला होता. भाऊजी खाली उतरून दगड बघून आले. मी गाडी चालवत होते.

"दुसरा टाकू नको. पहिल्यातच ठेव, आणि इंजिनाचे फेरे अडीच हजारांच्या खाली सोडू नको."

"अर्धा क्लच?"

"अजिबात नाही. प्लेट जाळशील."

उंचीवर गाडी का दमते, हे त्यांनी मला मग वरच्या वळणांवर समजावलं. बारालाचाला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त. टर्बो हवा दाबून भरतो म्हणून गाडी चढते तरी; पण इंजिन हळू फिरत असेल तर टर्बोही झोपलेला, आणि तेवढ्यात चढावर ब्रेक लावून थांबलात की गाडी पुन्हा उचलत नाही. म्हणून समोर ट्रक दिसला की आधीच रुंद जागा बघून थांबायचं, चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची. हा सगळा रस्ता या एका शिस्तीवर चालतो, आणि ती मोडणारे बहुतेक करून भाड्याच्या गाड्या घेऊन आलेले असतात.

सूरजतालला उजाडलं. भागा नदी इथे जन्मते. बारालाचा ४,८९० मीटर. मागच्या सीटवर फट्‌ असा आवाज झाला आणि वहिनी किंचाळल्या. चिवड्याचं पाकीट फुगून फुगून फुटलं होतं. पुढचे दोन दिवस सीटच्या फटींतून शेंगदाणे निघत होते. फोटो काढून पाच मिनिटांत खाली उतरलो. खिंडीत रेंगाळायचं नाही.

सरचूचं पठार लांबच लांब, मधोमध नदीनं खोल चर कापलेली, तिच्या भिंतींत मातीचे मनोरे उभे. इथे हिमाचल संपून लडाख लागतं. मग गाटा लूप्स: एकवीस वळणं. वर एके ठिकाणी पाण्याच्या सीलबंद बाटल्यांचा ढीग दिसतो. बंद पडलेल्या ट्रकपाशी एक क्लीनर तहानेनं मेला आणि त्याचं भूत पाणी मागतं, अशी गोष्ट ट्रकवाले सांगतात. गोष्ट ऐकून वाईट वाटतंच. पण एवढं प्लास्टिक इथे वाहून आणायचं आणि तसंच टाकून जायचं, ही कसली श्रद्धा? वहिनींनी आमच्या बाटलीतलं पाणी दगडावर ओतलं आणि बाटली परत आणली. मला ते पटलं.

लाचुंगला खिंड ओलांडून पांगला पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. तंबूंची एक रांग. आत भिंतीला लागून गाद्या, मधे शेगडी. चालवणारी बाई रुमत्सेकडची, पन्नाशीची. मेनंतर येते, रस्ता बंद व्हायच्या आधी तंबू गुंडाळते. भात कुकरशिवाय होतच नाही, म्हणाली. इथे पाणी पंच्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं. उकळ्या दिसतात पण डाळ शिजत नाही. तिच्या कुकरची शिट्टी कापडानं गुंडाळलेली होती, का ते विचारलं तर हसून झोपलेल्या ड्रायव्हरांकडे बोट केलं. राजमा-भात खाल्ला. वहिनींनी बेदाण्यांची पुडी दिली, तिनं बदल्यात मूठभर छुरपे दिले, वाळवलेलं चीज. वहिनींनी एक खडा दाढेखाली धरला आणि तांगलांगला खिंडीच्या पलीकडे गेलो तरी तो संपला नव्हता.

पांगच्या चढावरून वर निघालात की मोरे प्लेन्स. इथे माणूस गप्प होतो असं सगळे लिहितात. आमच्या गाडीत उलट सगळे एकदम बोलायला लागले. पावणेपाच हजार मीटरच्या आसपास, चाळीसेक किलोमीटर सपाट मैदान, गुळगुळीत डांबर, सरळ. कड्यांवरून दिवसभर वीसच्या वेगानं आल्यावर पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर दाबला जातो, आणि अपघात इथेच होतात, हे तंबूवालीनंच बजावलं होतं. लांबवर कियांग चरत होते, तांबूस पाठीची जंगली गाढवं. पलीकडे काळा ठिपका म्हणजे चांगपा लोकांचा तंबू. पश्मिना ज्यांच्या बकऱ्यांची, ते हे. आपण याला निर्जन म्हणतो आणि फोटोखाली तसं लिहितो. त्यांच्या हिशेबी हे कुरण आहे, आणि कुणी कुठे चारायचं हे ठरलेलं आहे.

मैदान संपता संपता रस्त्याचं काम चाललेलं. ड्रमखाली जाळ, उकळतं डांबर, धुरात सातआठ जण. तोंडाला फडकी गुंडाळलेली, फक्त डोळे दिसत होते. रस्ता मोकळा होईस्तो थांबायचं होतं म्हणून बोलले. झारखंडचे, दुमक्याकडचे. सीमा सडक संघटनेच्या कामावर तिकडचे मजूर वर्षानुवर्षं इथे येतात. या भागाचं काम हिमांक प्रकल्पाकडे आहे, १९८५ पासून. एकाला विचारलं, श्वास लागत नाही का? म्हणाला, पहिले आठ-दहा दिवस लागतो. मग? मग काम असतं. त्याच्या रबरी बुटाचा पुढचा भाग डांबरानं वितळून बोटांच्या आकाराचा झाला होता. हिमांकच्या पिवळ्या पाट्यांवरच्या यमकांचे फोटो सगळे काढतात. काही खुसखुशीत आहेत, बायकांवरचे काही पाचकळ. या माणसांबद्दल मात्र मला त्या अख्ख्या रस्त्यावर एकही पाटी दिसली नाही.

तांगलांगला ५,३२८ मीटर. नवऱ्याचं डोकं ठणकायला लागलेलं, मी सरळ खाली काढली. रुमत्सेला जवाची कापणी चालू होती आणि दिवसात पहिल्यांदा हिरवी झाडं दिसली. मीरूच्या घळीत जांभळे-तांबडे खडक. उप्शीला सिंधू. सात वाजता लेह.

गुरुवार, शुक्रवार : लेह

झोप, गरम पाणी, थुक्पा. हानलेचे परवाने काढले, ताजं डिझेल भरलं. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर दिवसातून दहादा सगळ्यांत फिरायचं. वहिनींचा आकडा नेहमी सर्वांत वर, ९१-९२, आणि त्या तो मोठ्यानं वाचून दाखवायच्या.

शनिवार : लेह ते हानले

उप्शीहून सिंधूच्या काठाकाठानं चुमाथांग, माहे, न्योमा. चुमाथांगला नदीकाठी उकळत्या पाण्याचे झरे. लोक त्यात अंडी उकडतात. भाऊजींनी घड्याळ लावून पाहिलं आणि अंडं कच्चं निघालं. लोमाच्या पुलावर लष्कराच्या चौकीत कागद दाखवले. पुढे हानलेच्या पाणथळीत काळ्या मानेचे करकोचे दिसले, एक जोडी, पिल्लासह. लडाखचा हा राज्यपक्षी.

हानलेला भारतीय तारा भौतिकी संस्थेची वेधशाळा आहे, सुमारे ४,५०० मीटरवर. तिथली दोन मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण (शास्त्रज्ञ चंद्रशेखर यांच्या नावाची) बेंगळुरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवतात. शेजारी गॅमा किरणांसाठीची मेस दुर्बीण, एकवीस मीटर व्यासाची, आरशांची तबकडी. डिसेंबर २०२२ मध्ये हा सगळा परिसर काळोख राखण्यासाठी राखीव घोषित झाला. म्हणजे काय, ते होमस्टेमध्ये कळलं: खिडक्यांना जाड काळे पडदे, अंगणात दिवा नाही, अंधार पडल्यावर गाडीचे हेडलाइट लावून गावात फिरायचं नाही. गावातल्या काही जणांना दुर्बिणी देऊन शिकवलंय. आमच्या घरमालकिणीची भाची त्यांपैकीच. तिनं अंगणात दुर्बीण लावून शनी दाखवला. कडं पातळशा रेघेसारखं, पण स्वच्छ. कृष्ण पक्षातली एकादशी, चंद्र उगवायला अजून अवकाश होता. वहिनींचा उपास, दिवसभर जर्दाळूंवर होत्या. त्यांनी तिला विचारलं, रोज हे बघून कंटाळा येत नाही? ती म्हणाली, आकाशाचा नाही येत, तेच प्रश्न विचारणाऱ्या लोकांचा येतो. आणि मग आम्हालाही पुढचा प्रश्न विचारायला धीर होईना.

रविवार : हानले

सकाळी काचेवर बर्फाचा पापुद्रा. भाऊजींनी चावी अर्धी फिरवली, गार इंजिन तापवणाऱ्या ग्लो प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबले, पुन्हा एकदा तेच केलं, मग स्टार्टर मारला. पांढरा धूर सोडून गाडी पहिल्या झटक्यात चालू. तो त्यांच्या दौऱ्यातला सगळ्यात आनंदाचा क्षण असावा.

मग त्यांनी विषय काढला. उमलिंगला खिंड इथून पुढेच. ५,७९८ मीटर, गाडी जाते असा जगातला सगळ्यात उंच रस्ता म्हणून २०२१ मध्ये गिनीजनं नोंद केलेला. एवढं आलोय तर. नवरा काही बोलला नाही, त्याचं डोकं रात्रीपासून परत दुखत होतं. वहिनींनी पर्समधून ऑक्सिमीटर काढलं आणि आधी भाऊजींच्या बोटाला लावलं. ७८.

"मशीन गार पडलंय," भाऊजी म्हणाले. "बोटं पण गार आहेत."

वहिनींनी त्यांचा हात स्वतःच्या शालीत घेऊन चांगला चोळला आणि परत लावलं. ७९.

"इंजिनाला टर्बो असतो," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला नाही."

भाऊजींनी थोडा वेळ वाद घातला, टायरचा दाब तपासला, कोमट पाण्याचा तांब्या घेऊन काच धुतली. मग चावी माझ्याकडे देऊन मागच्या सीटवर जाऊन बसले, आणि न्योमा येईपर्यंत मी चुकीच्या गिअरमध्ये चालवतेय हे सांगत राहिले.